हृदयाच्या दारांची राखण

नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापूरची ख्याती आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. घरांना दारे नाहीत, कड्याकोयंडे नाहीत, कुलपे नाहीत. चौकट असते, रात्री कुत्रेमांजर आत येऊ नये म्हणून कोणी एखादी फळी आडवी लावतो, एवढेच. २०११ साली युको बँकेने तेथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा त्या बातमीची चर्चा देशभर झाली. गावाची राखण शनिदेव करतो, ही त्यामागची श्रद्धा.

गावाचे असे असले, तरी शरीराचा कारभार दारांवाचून चालत नाही. आपल्या हृदयाला चार दारे आहेत. ती दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडतात आणि मिटतात. या दारांवर जंतूंनी ठाण मांडले, तर काय होते, ते कसे ओळखावे, त्यावर उपाय कोणते आणि मुळात ते होऊच नये म्हणून काय करावे, याची माहिती आज करून घेऊ. या आजाराला वैद्यकात ‘इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस’ म्हणतात. आपण त्याला हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग म्हणू. आजार तसा विरळा आहे. दर लाख लोकांत वर्षाकाठी थोड्याच जणांना होतो. पण ज्याला होतो त्याच्या जिवावर बेततो, आणि वेळेत ओळखला तर बहुतेक वेळा बरा होतो. म्हणूनच त्याविषयी लिहिण्याचे प्रयोजन.

एक उदाहरण

नावगाव नको, पण एक मुलगी डोळ्यांसमोर आणू. अनेक रुग्णांच्या हकिकतींत जे सारखे असते, ते एकत्र करून हे उदाहरण बेतले आहे. वय वर्षे एकोणीस. अकराव्या वर्षी तिचा गुडघा सुजला, तो उतरतो न उतरतो तोच घोटा सुजला, ताप आला. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा सांध्यांचा ताप आहे आणि हृदयाच्या झडपेलाही थोडा धक्का लागला आहे. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यायला सांगितले. दोन वर्षे घेतले. मुलगी हसतीखेळती झाली, शाळेत जाऊ लागली. इंजेक्शन दुखते फार, शिवाय दर खेपेला आईची मजुरी बुडते. ‘आता बरी आहे की’ म्हणून ते बंद झाले.

पुढे किडलेली दाढ ठणकू लागली. बाजारच्या गावी जाऊन ती काढून घेतली. झडपेचे दुखणे कोणी विचारले नाही आणि हिने सांगितले नाही. दोन आठवड्यांनी संध्याकाळी अंग कोमट लागू लागले. रात्री घाम सुटायचा. भूक गेली. कोणी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, ताप उतरला. गोळ्या संपल्या, ताप परत आला. मग विडाल तपासणी, टायफॉईडचा उपचार, अशक्तपणाला दोन सलाईन. पाचवा आठवडा उजाडला. कोणी म्हणाले, साडेसाती आहे. घरच्यांनी शनिवारी शिंगणापूरला नेऊन तेल वाहिले. आणि त्यानंतर चार दिवसांनी सकाळी मुलीचा उजवा हात उचलेना, बोलणे अडखळू लागले.

ताप आणि लकवा यांचा संबंध घरच्यांच्या लक्षात येणे शक्यच नव्हते. पण या दोन्हींचे मूळ एकच होते, आणि ते हृदयाच्या झडपेवर होते.

झडपेवर जंतू बसतात कसे?

हृदयाचे चार कप्पे. रक्त एका कप्प्यातून पुढे गेले की मागे परतू नये यासाठी झडपांची योजना. डाव्या बाजूस मायट्रल आणि महारोहिणीची झडप, उजव्या बाजूस त्रिदल आणि फुप्फुसरोहिणीची झडप. निरोगी झडपेचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. रक्तात चुकून आलेला जंतू त्यावर टिकत नाही, प्रवाहाबरोबर वाहून जातो आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी त्याचा निकाल लावतात. असे जंतू रक्तात येणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. हिरड्या सुजलेल्या असतील, तर दात घासतानासुद्धा तोंडातले जंतू थोडा वेळ रक्तात उतरतात.

पण झडप आधीच खराब असेल, जाड झालेली, चिकटलेली किंवा गळकी असेल, तर तेथून रक्त जोराने उसळते आणि पृष्ठभाग खरवडला जातो. खरवडलेल्या जागी रक्ताची बारीक गुठळी धरते. रक्तातून जाणाऱ्या जंतूला बसायला ही आयती जागा मिळते. तो तेथे वाढतो, त्याच्याभोवती आणखी गुठळी साचते, आणि पाहता पाहता झडपेवर फुलकोबीसारखा लोंबता गुच्छ तयार होतो. या गुच्छाच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जंतू असू शकतात. शिवाय झडपेच्या पाकळीला स्वतःचा रक्तपुरवठा फारच कमी असतो. त्यामुळे पांढऱ्या पेशी तेथवर पोचत नाहीत आणि औषधही गुच्छाच्या गाभ्यात सहजी शिरत नाही. उपचार इतके दिवस का चालतात, याचे उत्तर येथेच आहे.

या गुच्छापासून तीन प्रकारचे नुकसान होते. पहिले, जंतू झडप कुरतडतात, तिला भोक पडते, ती गळू लागते आणि हृदय थकते. दुसरे, गुच्छाचा तुकडा सुटून रक्ताबरोबर वाहत जातो. तो मेंदूत अडकला तर लकवा, मूत्रपिंडात अडकला तर लघवीतून रक्त, पायाच्या रोहिणीत अडकला तर पाय गार आणि निळसर. तिसरे, जंतू सतत रक्तात मिसळत राहिल्याने ताप, पांडुरोग आणि झीज.

कोणाला धोका अधिक?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बालपणीच्या घशाच्या दुखण्यापर्यंत जाते. स्ट्रेप्टोकोकस जातीच्या एका जंतूने घसा धरतो. विशेषतः पाच ते पंधरा वयाच्या मुलांत. घसा चारदोन दिवसांत बरा होतो, पण काही मुलांत दोनतीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती जंतूऐवजी आपल्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. हाच सांध्यांचा ताप, ज्याला डॉक्टर ‘र्‍हुमॅटिक फीवर’ म्हणतात. तो सांध्यांना चाटून जातो, पण हृदयाला चावतो, असे जुने डॉक्टर सांगत. सांधे पूर्ववत होतात. झडप मात्र जन्माची अधू होऊ शकते. दाटीवाटीची वस्ती, ओलसर अंधाऱ्या खोल्या, उपचाराला उशीर, या सगळ्यांचा त्यात हात असतो. ऊसतोडीच्या कोप्यांत राहणाऱ्या कुटुंबांची मुले या धोक्याच्या टप्प्यात येतात, हे आपल्या जिल्ह्यात विसरून चालणार नाही.

याखेरीज पुढील लोकांना धोका जास्त असतो.

ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे. ज्यांना हा आजार पूर्वी एकदा होऊन गेला आहे. ज्यांच्या हृदयात जन्मतः दोष आहे, उदाहरणार्थ खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, किंवा महारोहिणीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या. ज्यांना पेसमेकर बसवला आहे. जे नियमित डायलिसिसवर आहेत. उतारवयात झडपेवर चुना साचून ती कडक झाली आहे असे वृद्ध. आणि शिरेतून मादक द्रव्ये टोचून घेणारे.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पूर्वी पूर्ण निरोगी असलेल्या झडपेलाही हा आजार होऊ शकतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू विशेष जहाल आहे. तो पिकलेल्या गळवातून, चिघळलेल्या जखमेतून किंवा हातात बरेच दिवस राहिलेल्या सलाईनच्या नळीतून रक्तात शिरतो आणि चांगली झडप काही दिवसांत निकामी करतो.

लक्षणे

या आजाराची दोन रूपे आहेत. एक संथ, दुसरे झंझावाती.

संथ रूपात बहुधा तोंडातले जंतू असतात. ताप बारीक, बहुतेक संध्याकाळी, रात्री घाम, अंगदुखी, कंबरदुखी, भूक मंदावणे, वजन घटणे, चेहरा फिका पडणे. हे सारे आठवडेच्या आठवडे चालते. रुग्ण हिंडताफिरता असतो, म्हणून दुखणे अंगावर काढतो. झंझावाती रूपात मात्र हुडहुडी भरून जोराचा ताप येतो आणि काही दिवसांत धाप लागून रुग्ण अत्यवस्थ होतो.

दहापैकी सुमारे नऊ रुग्णांना ताप असतो. वृद्धांत आणि वरचेवर वेदनाशामक किंवा स्टिरॉईड घेणाऱ्यांत तो दडलेला असू शकतो. ‘एका इंजेक्शनने ताप उतरवून द्या’ असा आग्रह आपण डॉक्टरांकडे धरतो, तेव्हा कधी कधी आपणच रोगाची खूण पुसून टाकत असतो.

काही खुणा बारकाईने पाहिल्या तर दिसतात. नखाखाली काडी घुसल्यासारखी तांबूस काळी रेघ. बोटांच्या टोकांवर वाटाण्याएवढी दुखरी गाठ. तळहातावर किंवा तळपायावर न दुखणारे लालसर डाग. डोळ्याची खालची पापणी ओढली असता आत रक्ताचे बारीक ठिपके. डाव्या बरगडीखाली वाढलेली पाणथरी. शेतात राबणाऱ्या माणसाच्या नखाखाली रेघ मार लागूनही उमटते, तेव्हा एकट्या रेघेवरून घाबरू नये. पण ताप, घाम आणि हृदयात नवा किंवा बदललेला आवाज, यांच्या जोडीला अशी खूण असेल, तर ती महत्त्वाची.

तरुण माणसाला लकवा आणि अंगात ताप, ही जोडी दिसली की हृदयाची तपासणी झालीच पाहिजे.

निदान : आधी रक्त, मग औषध

आपल्याकडे लांबलेल्या तापाची कारणे पुष्कळ. क्षयरोग, मलेरिया, टायफॉईड, डेंग्यू. घोडेगावच्या बाजाराला जनावरे नेणाऱ्या, गोठ्यात राबणाऱ्या, कच्चे दूध पिणाऱ्या लोकांत ब्रुसेला या जंतूचा तापही संभवतो, आणि क्वचित तो जंतू झडपेवरही बसतो. त्यामुळे पहिल्या दिवशीच कोणी डॉक्टर झडपेच्या संसर्गाचे नाव घेईल, अशी अपेक्षा करणे चूक. परंतु झडपेचा रुग्ण आहे आणि ताप आठवडाभर उतरत नाही, एवढी माहिती मिळाली की विचाराची दिशा बदलायला हवी. नुसत्या विडाल तपासणीवर विसंबू नये. पूर्वीच्या टायफॉईडमुळे, लसीमुळे किंवा दुसऱ्याच तापात ती ‘आहे’ असे सांगू शकते.

खरी तपासणी म्हणजे रक्ताचे कल्चर. रक्त विशिष्ट बाटल्यांत घालून, उबेत ठेवून, त्यात जंतू वाढतात का हे पाहायचे. तीन निरनिराळ्या जागी सुई टोचून, तीन वेळा रक्त घेतात. पहिल्या व शेवटच्या खेपेत निदान तासाभराचे अंतर ठेवतात. मोठ्या माणसाचे प्रत्येक वेळी आठदहा मिलिलिटर रक्त लागते. ‘इतके रक्त कशाला?’ म्हणून नातेवाईक कुरकुरतात. पण रक्तात जंतू विरळ असतात. थेंबभर रक्तात ते सापडत नाहीत.

आणि हे सारे प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी झाले पाहिजे. वरच्या उदाहरणातल्या मुलीला तीन वेळा पाच पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. अशा अर्धवट औषधाने झडपेवरचे जंतू मरत नाहीत, पण रक्तातले तात्पुरते दबतात आणि कल्चरमध्ये काही उगवत नाही. मग कोणता जंतू आणि कोणते औषध, हे अंदाजाने ठरवावे लागते. चोराच्या पाऊलखुणा आपणच झाडून टाकल्यावर माग काढणार कसा?

दुसरी तपासणी इकोची. छातीवर यंत्र फिरवून ध्वनिलहरींच्या साह्याने झडपांचे चित्र पाहतात. वेदना नाही, किरणोत्सर्ग नाही. पण लहान गुच्छ छातीवरून दिसतोच असे नाही, आणि कृत्रिम झडप असेल तर तिच्या सावलीत तो लपतो. अशा वेळी दुर्बीण गिळवतात तशी नळी अन्ननलिकेत उतरवून मागच्या बाजूने चित्र घेतात. इको एकदा स्वच्छ आला आणि तरीही संशय कायम असेल, तर पाचसात दिवसांनी पुन्हा करतात. कल्चर, इको आणि लक्षणे यांची सांगड घालून निदान पक्के करण्याचे निकष अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९९४ साली मांडले. २००० आणि २०२३ साली त्यांत सुधारणा झाल्या. आजही त्यांचाच आधार घेतला जातो.

उपचार

पेनिसिलीन येण्यापूर्वी हा आजार म्हणजे जवळजवळ निश्चित मृत्यू होता. युरोपचा नामवंत संगीतकार गुस्ताव माहलर १९११ साली याच आजाराने गेला; त्याच्या रक्तात जंतू वाढवून डॉक्टरांनी निदान अचूक केले होते, पण हाती औषध नव्हते. अलेक्झांडर फ्लेमिंगला पेनिसिलीनचा शोध १९२८ साली लागला. १९४० नंतरच्या दशकात ते रुग्णांपर्यंत पोचले आणि या आजारातून माणसे वाचू लागली. आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात, पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. ‘पेनिसिलीनचा कारखाना’ हीच त्याची ओळख जुन्या पिढीला आहे.

उपचार रुग्णालयात राहूनच सुरू करावे लागतात. जंतूच्या जातीप्रमाणे पेनिसिलीन, सेफ्ट्रायक्सोन, सेफाझोलिन, व्हॅन्कोमायसिन यांपैकी औषध शिरेतून देतात. काहींना जोडीला जेंटामायसिन लागते. त्याचा परिणाम मूत्रपिंडावर आणि कानावर होऊ शकतो म्हणून रक्त वरचेवर तपासतात. साध्या झडपेवर तोंडातला जंतू असेल तर बहुधा चार आठवडे, जहाल जंतू किंवा कृत्रिम झडप असेल तर सहा किंवा त्याहून अधिक.

येथेच बरेच रुग्ण चुकतात. आठवड्यात ताप जातो, जेवण जाऊ लागते, आणि घरचे म्हणतात, ‘आता घरी नेतो, शेत पडून आहे.’ ताप गेला म्हणजे रक्तातले जंतू कमी झाले. गुच्छाच्या गाभ्यातले जिवंतच असतात. औषध सोडले की ते पुन्हा उसळतात. शनीची साडेसाती साडेसात वर्षांची सांगतात. ही साडेसाती सहा आठवड्यांची आहे. ती पुरी सोसली तर सुटका आहे, अर्धी सोसली तर नाही. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की प्रकृती स्थिरावलेल्या निवडक रुग्णांना शिरेतून किमान दहा दिवस औषध दिल्यानंतर उरलेले उपचार गोळ्यांनी करता येतात. पण तो निर्णय कल्चर आणि इको पाहून तज्ज्ञाने घ्यायचा; रुग्णाने वा नातेवाइकांनी नव्हे.

जवळपास निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रिया लागते. झडप फाटून धाप वाढू लागली, औषधानेही संसर्ग आटोक्यात येईना, झडपेच्या मुळाशी पू झाला, किंवा मोठा गुच्छ तुटून मेंदूत जाण्याची भीती असली, तर झडप दुरुस्त करतात वा बदलतात. ‘आधी औषध संपू द्या, मग पाहू’ हे प्रत्येक वेळी योग्य नसते. भारतात बनलेली, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली झडप १९९० च्या डिसेंबरात प्रथम रुग्णाला बसवली गेली आणि पुढे ती हजारो लोकांच्या हृदयात धडधडू लागली.

खर्चाची धास्ती खरी आहे. आपल्या राज्यात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन तेथे प्रथम चौकशी करावी. कर्ज काढण्याआधी किंवा जमीन गहाण टाकण्याआधी हे विचारायचे आहे, नंतर नव्हे.

इतके करूनही, रुग्णालयात दाखल झालेल्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे एक दगावतो. उशिरा आलेल्यांत हे प्रमाण अधिक. म्हणून प्रतिबंधाचे मोल मोठे.

प्रतिबंध

पहिला मुक्काम मुलाचा घसा. मुलाला ताप, गिळताना दुखणे, गळ्यात दुखऱ्या गाठी असे असेल आणि नाक वाहत नसेल, खोकला नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. जंतूचा घसा असेल तर पेनिसिलीन गटातील औषध पूर्ण दिवस घेतल्याने सांध्यांचा ताप टळतो. शाळांमधून होणाऱ्या आरोग्य तपासणीला मुलांना आवर्जून हजर ठेवावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष आणि सांध्यांच्या तापाने झालेला हृदयविकार, दोन्ही पाहिले जातात.

दुसरा मुक्काम एकवीस दिवसांचे इंजेक्शन. ते आज वाटणाऱ्या त्रासासाठी नसते, पुढचा झटका येऊ नये म्हणून असते. प्रत्येक नवा झटका झडप आणखी बिघडवतो. ते किती वर्षे घ्यायचे हे झडपेच्या अवस्थेवर ठरते. कोणाला पाच वर्षे, कोणाला दहा, कोणाला चाळिशीपर्यंत, तर कोणाला आयुष्यभर. बरे वाटते म्हणून ते थांबवू नये. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. ऊसतोडीला, मेंढ्यांमागे किंवा कामासाठी परगावी जाताना डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर न्यावी.

तिसरा मुक्काम तोंड. झडपेच्या रुग्णाने दिवसातून दोनदा ब्रशने दात घासावेत आणि सहा महिन्यांनी दंतवैद्याला दाखवावे. मिसरी, तंबाखूची राख, विटेची भुकटी यांनी हिरड्या सोलवटतात आणि जंतूंना वाट मिळते. आपल्याकडच्या आयाबाया दुखऱ्या दाताला मिसरी लावून वेळ मारून नेतात; त्यांना हे प्रेमाने समजावले पाहिजे. बाजारात बसून दात काढणाऱ्याकडे तर जाऊच नये.

चौथी गोष्ट, दात काढण्यापूर्वीचे औषध. कृत्रिम झडपवाले, हा आजार पूर्वी झालेले आणि काही विशिष्ट जन्मजात दोष असलेले, यांनी दात काढताना किंवा हिरड्यांवर उपचार करताना अर्धा ते एक तास आधी प्रतिजैविकाचा एकच डोस घ्यावा, असे ठरलेले आहे. बहुधा अमॉक्सिसिलिन, मोठ्या माणसास दोन ग्रॅम, मुलास वजनाच्या दर किलोस पन्नास मिलिग्रॅम. पूर्वी हे औषध झडपेच्या बहुतेक सर्व रुग्णांना देत. २००७ साली अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने ही यादी आखूड केली. कारण दात काढण्याच्या एका प्रसंगापेक्षा रोजच्या अस्वच्छ तोंडातून होणारा धोका मोठा, असे लक्षात आले. सांध्यांच्या तापाने अधू झालेल्या झडपेसाठी मात्र, जेथे हा विकार पुष्कळ आढळतो तेथील अनेक तज्ज्ञ आजही हे औषध देतात. आपल्याला लागू आहे का, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

यात एक गैरसमज हमखास होतो. ‘माझे एकवीस दिवसांचे इंजेक्शन चालू आहे, मग दात काढताना वेगळे औषध कशाला?’ ते इंजेक्शन घशाच्या जंतूसाठी आहे. तोंडातले काही जंतू त्याला सरावलेले असतात. म्हणून अशा रुग्णाला, डोस लागत असेल तर, दुसऱ्या गटातले औषध द्यावे लागते. दंतवैद्याला दोन्ही गोष्टी सांगा : झडपेचा आजार, आणि चालू असलेले इंजेक्शन. पेनिसिलीनची पूर्वी रिअ‍ॅक्शन आली असेल तर तेही सांगा. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर दात काढण्यासाठी ती आपल्या मनाने बंद करू नका.

पाचवी गोष्ट, कातडी आणि सुई. उसाच्या पाचटाने कापलेला हात, भेगाळलेली टाच, चेहऱ्यावरचे गळू, यांकडे झडपेच्या रुग्णाने दुर्लक्ष करू नये. जखम साबणपाण्याने धुवावी, पिकली तर दाखवावी. गळू फोडू नये. अनवाणी दर्शनाचा नवस असेल तर पायाला जखम नाही ना, हे आधी पाहावे. आणि अशक्तपणा घालवायला सलाईन लावून घेण्याची आपल्याकडची हौस सोडून द्यावी. गरजेशिवाय टोचलेली प्रत्येक सुई म्हणजे जंतूंसाठी उघडे ठेवलेले एक दार. गोंदण आणि नाककान टोचणेही या रुग्णांनी टाळलेले बरे.

थोडक्यात लक्षात ठेवा

झडपेचा आजार असलेल्या प्रत्येकाने खिशात एक चिठ्ठी बाळगावी : कोणती झडप, कोणते औषध, कशाची रिअ‍ॅक्शन, घरच्यांचा फोन. ताप आला तर पहिले वाक्य ‘ताप आहे’ हे नको. ‘मला झडपेचा आजार आहे आणि ताप आहे’ असे हवे. रक्त कल्चरला जाण्यापूर्वी प्रतिजैविक सुरू करण्याची घाई नको. रुग्ण अत्यवस्थ असेल तर मात्र कल्चरचे रक्त घेऊन लगेच औषध सुरू करतात. त्यात खोळंबा नको. अचानक धाप, हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, पाय गार पडणे, यांपैकी काही झाले तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

आता त्या मुलीकडे परत जाऊ. तीच मुलगी, तीच दाढ. फक्त दंतवैद्याने विचारले, ‘हृदयाचे काही दुखणे?’ आणि तिने सांगितले. डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस घेऊन दाढ निघाली. किंवा डोस राहून गेला, पण ताप आल्यावर आईने पहिल्याच आठवड्यात जुने कागद पिशवीतून काढून डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांनी स्टेथोस्कोप लावला, आवाज ऐकला, गोळी न देता नगरला पाठवले, कल्चरचे रक्त गेले. चार आठवडे खाटेवर काढून ती आपल्या दोन्ही हातांनी पिशवी उचलून घरी आली. दोन्ही गोष्टींत दैव तेच आहे. फरक पडला तो एका प्रश्नाचा आणि एका जपून ठेवलेल्या कागदाचा.

शिंगणापूरला जरूर जावे, तेल वाहावे. श्रद्धेने मनाला धीर येतो आणि लांबच्या आजारात धीराची गरज फार असते. मात्र ताप असेल तर त्याच पिशवीत जुने वैद्यकीय कागद असू द्यावेत, आणि परतताना वाटेत डॉक्टरांचे दार ठोठावावे. घराला दार नसले तरी चालेल; हृदयाची चार दारे मात्र आपली आपणच राखायची आहेत.